डिझेल इंजिनांचे दिवस

चेन्नईच्या एगमोर स्थानकातून अधूनमधून एक आगळी गाडी सुटते. तिला जोडलेले इंजिन १८५५ सालचे आहे. ‘ईआयआर २१’ या नावाने ओळखले जाणारे हे वाफेचे इंजिन कित्येक वर्षे निव्वळ शोभेची वस्तू होऊन राहिले होते. पेरांबूरच्या कारखान्यातील कारागिरांनी त्याच्यात पुन्हा प्राण भरला आणि २०१० च्या स्वातंत्र्यदिनी ते रुळांवर धावले. अशाच एका फेरीच्या वेळी मी फलाटावर उभा होतो. इंजिनाला हार घातले होते. आजोबांनी नातवंडांना खांद्यावर घेतले होते, आणि शिट्टी वाजताच सगळ्या गर्दीतून एकच आनंदाचा आवाज उठला.

त्याच वेळी पलीकडच्या रुळावर, डब्यांची ने-आण करणारे एक जुने डिझेल इंजिन गुरगुरत उभे होते. त्याच्या छपरावरून निळसर धुराची रेघ वर जात होती. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. मी मात्र, खरे सांगायचे तर, त्याच्याकडेच पाहत होतो.

वाफेच्या इंजिनाविषयी वाटणारी ओढ कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. डिझेलविषयी तीच ओढ बाळगणाऱ्या माणसाला मात्र खुलासा द्यावा लागतो. ज्या डिझेलने वाफेला हद्दपार केले, त्या डिझेलचे कसले आले आहे प्रेम? इंग्लंडमध्ये इयन ॲलन नावाच्या एका रेल्वे कार्यालयातील तरुण कारकुनाने १९४२ साली इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिका छापली, आणि तेव्हापासून तेथील शाळकरी मुले हातात वही घेऊन फलाटांच्या टोकाला उभी राहू लागली. त्यांच्यापैकी पुष्कळांनी १९६८ साली वाफेची इंजिने सेवेतून गेल्यावर वही मिटून ठेवली. डिझेल म्हणजे चाकांवर ठेवलेली पेटी, तिच्यात पाहण्यासारखे काय आहे, असे ते म्हणत. आपल्याकडेही हेच ऐकू येई. आणि आता, देशातील रुंदमापी लोहमार्ग जवळजवळ सर्व विजेवर आल्यावर, ती पेटीही डोळ्यांआड होऊ लागली आहे. तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना तिच्याविषयी बोलण्याची संधी मिळत आहे.

माझी तिच्याशी ओळख १९८६ साली, वयाच्या सहाव्या वर्षी झाली. वडिलांची बदली मद्रासला झाली होती आणि आम्ही पुण्याहून मद्रास मेलने निघालो. मुंबईहून गाडी विजेच्या इंजिनावर येई. पुण्यापुढे तारा नव्हत्या. तेव्हा ते इंजिन सुटून बाजूला होई आणि अंधारातून दुसरे इंजिन मागे मागे सरकत येऊन डब्यांना टेकत असे. वडिलांनी मला पुढे नेऊन तो सोहळा दाखवला. एक हलकासा धक्का बसला, साखळ्यांचा खळखळाट झाला, आणि मग इंजिनाच्या पोटातून असा काही घोष निघाला की मी वडिलांचा हात घट्ट धरला. छपरावरून काळा लोट उठून दिव्यांच्या उजेडात पसरला. भीती आणि आनंद यांची इतकी सरमिसळ मी पुढे फार थोड्या वेळा अनुभवली.

तो काळा लोट का उठत असे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या इंजिनांचे सारे व्यक्तिमत्त्व त्यात आहे. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता. वाफेच्या इंजिनात कोळशातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी जेमतेम सात-आठ भाग कामी येतात आणि बाकीचे आकाशात जातात, ही उधळपट्टी त्याला सलत होती. हवा जोराने दाबली की ती तापते, हे सायकलला हवा भरणाऱ्या कोणत्याही मुलाला माहीत असते. डिझेलने हवा इतकी दाबली की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच, ठिणगीवाचून ते पेटावे. १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पुढे १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. आपले इंजिन आगगाड्या ओढताना पाहण्याचे भाग्य त्याला फारसे लाभले नाही.

आगगाडीपुढे मात्र एक अडचण होती. वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकते. डिझेलला ते जमत नाही. ते आधी फिरत असावे लागते आणि मगच भार घेते. यावर तोड निघाली ती अशी की डिझेलने चाके फिरवायचीच नाहीत. त्याने फक्त जनित्र फिरवायचे, जनित्राने वीज करायची, आणि त्या विजेवर चाकांशी बसवलेल्या मोटारींनी गाडी ओढायची. म्हणजे ज्याला आपण डिझेल इंजिन म्हणतो ते वस्तुतः आपले वीजघर बरोबर घेऊन फिरणारे विजेचेच इंजिन होय. ड्रायव्हरच्या हाताशी आठ खाचांचा एक दांडा असतो, त्या खाचांना ‘नॉच’ म्हणतात. एकेक नॉच वाढवला की इंजिनाचे फेरे वाढतात, वीज वाढते आणि गाडी जोर घेते.

आता त्या धुराविषयी. सिलिंडरात अधिक हवा कोंबण्यासाठी या इंजिनांना टर्बोचार्जर नावाचा पंखा असतो. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्याच झोताने फिरतो. ड्रायव्हरने नॉच वाढवला की तेल लगेच वाढते; पण पंख्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. त्या मधल्या क्षणांत तेल जास्त आणि हवा कमी, अशी स्थिती होते. अर्धवट जळालेले तेल काजळी होऊन बाहेर पडते. पंख्याने वेग धरला की एक बारीक शीळ ऐकू येऊ लागते, धूर विरळ होतो आणि इंजिनाचा आवाज भरदार होतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे. आम्हा छांदिष्टांना मात्र हा दोषच प्रिय होता. अमेरिकेतील रेल्वेवेड्यांनी या जातीच्या इंजिनांना धुरामुळेच ‘मानद वाफेची इंजिने’ अशी गमतीची पदवी दिली होती.

ही जात मूळची अमेरिकेची. स्केनेक्टडी येथील अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, जिला जगभर ‘आल्को’ म्हणत, तिच्याकडून १९५७ पासून आपल्याकडे डिझेल इंजिने येऊ लागली. १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२ हा नमुना आला आणि तोच आपल्या घरचा झाला. नावातील अक्षरांचा अर्थ सोपा आहे. डब्ल्यू म्हणजे रुंद मापाचा मार्ग, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि उतारू अशा दोन्ही गाड्यांना चालणारे. मीटरगेजसाठी पहिले अक्षर वाय. सोळा सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती असलेले डब्ल्यूडीएम-२ वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते तेथील पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण झाले. पुढे अडीच हजारांहून अधिक इंजिने या एकाच नमुन्याची झाली. गंमत अशी की मूळ अमेरिकन कंपनीने १९६९ साली आपला इंजिनांचा व्यवसाय बंद केला. तिचा वंश मात्र गंगेच्या काठी त्यानंतर कित्येक दशके वाढत राहिला, त्याला नवी भावंडे होत राहिली. आईबाप गेले आणि दत्तक गेलेल्या मुलाने घराण्याचे नाव चालवले, असाच हा प्रकार.

मद्रासमध्ये आमचे बिऱ्हाड पश्चिम मांबळमला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर होते. या शहराचे रेल्वेचे वैभव जुने आहे. दक्षिणेतील पहिली आगगाडी १८५६ साली येथल्याच रॉयापुरमहून सुटली. आमच्या लहानपणी शहरात दोन मोठी स्थानके आणि दोन निराळी जगे होती. सेंट्रलवर रुंद मापाचे राज्य. मुंबई, दिल्ली, कलकत्ता येथील गाड्या तेथे येत. १९०८ साली बांधलेले एगमोर हे मीटरगेजचे माहेरघर. तेथून तंजावर, तिरुचिरापल्ली, मदुराई आणि थेट रामेश्वर. तांबरमपर्यंत मीटरगेजवर १९३१ पासूनच विजेच्या उपनगरी गाड्या धावत, आणि पुढे विलुप्पुरमपर्यंत विजेच्या तारा गेल्या होत्या. बहुतेक लांबच्या गाड्यांना तेथे इंजिन बदलून डिझेल लागे. काही गाड्या मात्र एगमोरहूनच वायडीएम-४ घेऊन निघत.

हे वायडीएम-४ माझे खरे आवडते. डब्ल्यूडीएम-२ चा हा धाकटा भाऊ. याला सहाच सिलिंडर, तेही एका रांगेत; त्यामुळे त्याचे ठोके सुटे सुटे ऐकू येत. धिम्या चालीच्या घोड्याने फरसबंदीवरून जावे तसा तो आवाज. रात्री अभ्यासाला बसलो असताना तो दुरून येई, खिडकीची काच थरथरवी आणि कोडंबाक्कमच्या बाजूला विरून जाई. १९७७ साली सुरू झालेली वैगै एक्सप्रेस मीटरगेजवरून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावत असे, आणि विलुप्पुरमच्या पुढे तिला ओढणारे हेच इंजिन असे. मीटरभर रुंदीच्या रुळांवर हा वेग म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

आम्ही तीन-चार मुले रविवारी सकाळी एगमोरला जात असू. फलाटाचे तिकीट, एक वही, एक पेन्सिल. कॅमेरा आमच्यापैकी कोणाजवळही नव्हता, आणि असता तरी उपयोग नव्हता. परवानगीवाचून रेल्वेची छायाचित्रे काढण्यास मनाई होती. एकदा तर नुसते क्रमांक लिहिताना पाहून एका शिपायाने आम्हाला हटकले. वहीतील पाने उलटून त्याने विचारले, हे आकडे कशासाठी? आम्हाला उत्तर देता येईना. आजही देता येणार नाही. त्याने वही परत केली आणि घरी जाण्यास सांगितले. आम्ही पुलावर जाऊन उरलेले आकडे लिहिले.

क्रमांकाखाली इंजिनाच्या शेडची अक्षरे रंगवलेली असत. जीओसी म्हणजे तिरुचिरापल्लीजवळचे गोल्डन रॉक, ईडी म्हणजे इरोड. सेंट्रलवर मुंबईच्या गाडीला जीवाय अक्षरे असलेले इंजिन दिसले तेव्हा मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, “गुत्ती. मुरारराव घोरपड्यांची गुत्ती!” आणि त्या इंजिनाच्या निमित्ताने मला घरी परतेपर्यंत कर्नाटकातील मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास ऐकावा लागला. वडिलांना गुत्तीला किल्ला दिसे, मला शेड दिसे. तंजावरला गेलो तेव्हाही सरस्वती महालातील मोडी कागद पाहण्यात ते रमले आणि माझे चित्त परतीच्या गाडीला कोणते इंजिन येणार याकडे होते. याबद्दल आज थोडी लाज वाटते, फार नाही.

या छंदाला नको तेवढा मुलामा मी देऊ इच्छीत नाही. त्या दिवसांना आता सुवर्णकाळ म्हणण्याची रीत पडली आहे. पण तेव्हा ते सोन्याचे आहेत असे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीही नव्हते. आमच्या घराशेजारी एक ड्रायव्हर राहत. तमिळ घरांतील मुले त्यांना मामा म्हणत आणि आम्हीही मामाच म्हणत असू. हा शब्द तरी आम्हाला शिकावा लागला नाही. मामांनी वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून उमेदवारी केली होती आणि पुढे वायडीएम-४ चालवून ते निवृत्त झाले. वाफेच्या इंजिनांची थोरवी मी एखाद्या पुस्तकातून वाचून त्यांना सांगू लागलो की ते हसत. फावड्याने कोळसा ओढून पाठीची काय दशा होते, मे महिन्यात भट्टीसमोर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना माहीत होते. “डिझेल आले तेव्हा तुझ्या मामींनी देवाला नारळ फोडला,” ते म्हणाले, “कारण मी पहिल्यांदा पांढरा सदरा पांढराच घेऊन घरी आलो.” पण डिझेलचेही त्यांना कौतुक नव्हते. त्याच्या घोषाने त्यांचा डावा कान अधू झाला होता. काळ्या धुराविषयी ते म्हणत, पोटात गेलेले अन्न पचले नाही की माणसाचे जे होते तेच हे. मला त्या धुरात काव्य दिसते हे सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

१९९२ पासून सर्वत्र एकच रुंद माप करण्याचे धोरण रेल्वेने हाती घेतले आणि एगमोरचे जग हळूहळू मावळू लागले. २००४ साली तांबरमच्या मीटरगेज उपनगरी गाड्याही थांबल्या. वायडीएम-४ पैकी काही मलेशियात गेली, काही ब्रह्मदेशात. काही नीलगिरीच्या डोंगरावर कुन्नूरहून उदकमंडलमला जाणाऱ्या गाडीसाठी उपयोगी पडली. बाकीची भंगारात निघाली. रुंदमापी डिझेलचे आयुष्य थोडे अधिक लांबले. आपल्याकडे कोकण रेल्वेवर तर ते १९९८ पासून २०२२ साली संपूर्ण मार्ग विजेवर येईपर्यंत टिकले. कोकणातल्या बोगद्यांतून त्याचा आवाज ऐकलेले श्रोते पुष्कळ असतील. वाराणसीच्या कारखान्याने २०१९ साली दोन डिझेल इंजिनांचे विजेच्या इंजिनात केलेले रूपांतर लोकांसमोर आणले आणि पुढच्याच वर्षी त्या कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्दही गेला.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी सरकारी नोकर आहे. काही वर्षांपूर्वी, ज्या कार्यालयात मी होतो तेथे, निरुपयोगी साहित्याच्या विक्रीची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात असत. एकदा अशाच एका फाईलमध्ये जुन्या डिझेल इंजिनांची यादी आली. क्रमांक, अंदाजे वजन, राखीव किंमत. एका इंजिनाचे वजन शंभर टनांहून अधिक, आणि त्याचा हिशेब किलोच्या दराने केलेला. त्या संध्याकाळी मी घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली, जुनी वही शोधली आणि यादीतील क्रमांक तिच्याशी ताडून पाहिले. एकही जुळला नाही. मला हायसे वाटले आणि लगेच स्वतःचे हसूही आले. जुळला असता तर मी काय करणार होतो? सहीच केली असती.

कारण प्रकरण चोख होते. तेल परदेशातून आणावे लागते, वीज येथे होते. विजेचे इंजिन त्याच मार्गावर अधिक ओझे अधिक वेगाने ओढते आणि उतारावर काही वीज तारांना परतही करते. शेडच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरांत आणि छातीत काजळी जात नाही. ज्या धुरात मला काव्य दिसले तो त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होता. या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि असावे असेही मला वाटत नाही. टिपणीच्या शेवटी मात्र मी एक वाक्य घातले की, प्रत्येक नमुन्याचे निदान एक इंजिन चालू स्थितीत जतन करण्याचा विचार व्हावा. ‘चालू स्थितीत’ या शब्दांखाली रेघ ओढली. फाईल परत आली तेव्हा त्या वाक्यासमोर ‘पाहिले’ एवढाच शेरा होता.

त्या रेघेमागे माझे एक ठाम मत आहे. पेरांबूरजवळच्या रेल्वे संग्रहालयात २००२ पासून जुनी इंजिने आणि डबे मांडून ठेवले आहेत. मी तेथे वारंवार जातो. रंगरंगोटी चांगली आहे, मुले इंजिनांवर चढून खेळतात, हे सर्व उत्तम. पण वाफेचे इंजिन उभे असतानाही आपली कथा सांगते. त्याचे दांडे, चाके, धुराडे उघड्यावर असतात आणि डोळ्यांनी वाचता येतात. डिझेलचे सारे काही पत्र्याच्या आत. त्याचे रूप म्हणजे त्याचा आवाज. ते बंद करून ठेवले की खरोखरच पेटी उरते, आणि मग त्याची थट्टा करणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते. इंग्लंडमध्ये आज हौशी मंडळी डिझेल इंजिनेही दुरुस्त करून चालवतात, त्यांचे मेळावे भरवतात. ‘ईआयआर २१’ साठी जे कौशल्य पेरांबूरच्या कारागिरांनी दाखवले ते डिझेलसाठी दाखवणे त्यांना अवघड नाही. ज्यांनी ही इंजिने उघडली, जोडली, त्यांचे आजार ओळखले, ते हात अजून आहेत. ते निवृत्त होत आहेत एवढेच.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला वंदे भारतचे वेड आहे, आणि ती गाडी पेरांबूरच्याच कारखान्यात जन्मली म्हणून या शहराचा अभिमानही आहे. माझ्या वहीकडे तो कौतुकाने, पण थोडा दुरून पाहतो.

गेल्या पावसाळ्यात त्याला घेऊन मी मामांच्या घरी गेलो होतो. त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. डावा कान पूर्ण गेला आहे, उजवा ठीक आहे. मी कुन्नूरच्या स्थानकात उभ्या असलेल्या एका वायडीएम-४ चा आवाज मोबाईलवर टिपून आणला होता. त्यांना ऐकून आनंद होईल, कदाचित डोळे भरून येतील, अशी माझी कल्पना. त्यांनी मोबाईल उजव्या कानाशी धरला आणि डोळे मिटले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मिनिटभराने मामांनी कपाळाला आठी घातली, पुन्हा एकदा ऐकवण्यास सांगितले, आणि मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, “एका सिलिंडरचा इंजेक्टर नीट चालत नाही. शेडमध्ये कळवलेस का?”